फळ्यावर लिहिलेला एक अर्थ

रविवारच्या मराठी वर्गासाठी मी पहिला धडा निवडला तो कोकणातल्या समुद्राचा. पुण्याहून लग्न होऊन उज्जैनला आलेली मी, तेव्हा पस्तिशी ओलांडलेली आणि माझ्या मते या शहरातली एकमेव शुद्ध बाई. इथल्या मराठी घरांत 'पाऊस येऊन राहिला' असं म्हणायचे, तेव्हा मला दात दुखल्यासारखं व्हायचं. पोरांना वळण लावायचं म्हणून धडाही असा शोधला की एका ओळीत तीन जोडाक्षरं हवीतच.

मुलांनी शिप्रा नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं. 'समुद्राला भरती आली' हे वाक्य आलं, तर मागून आवाज आला, "काकू, कशाची भरती? पोलिसांची?" मी त्याला उभं केलं. खरं तर धडा निवडणारीला उभं करायला हवं होतं.

वर्गात माझी दहा वर्षांची मुलगीही होती. 'फेनधवल' शब्दावर ती अडकली. दोनदा चुकली. मी घाई केली तेव्हा म्हणाली, "थांब ना आई, मी वाचायची चेष्टा करतेय."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मला ठाऊक होतं. सासूबाई रोज तसंच बोलायच्या. तरी मी खडू उचलला, फळ्यावर लिहिलं, 'चेष्टा म्हणजे टिंगल', आणि वर्गाला म्हटलं, "बघा, ही धड्याची टिंगल करतेय म्हणे." पोरं हसली. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. बाई फार विनोदी होत्या.

तिने धडा संपवला. त्या दिवसापासून ती माझ्याशी हिंदीतच बोलते. काय वाट्टेल ते विचारा, "जी, मम्मी."

आता तिची मुलगी दहा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तीच म्हणाली, "नानी, मुझे मराठी सिखाओ ना." या वेळी मी पुस्तकाला हातच लावला नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'नानाखेड्याच्या स्टँडवर बस उभी आहे. आजी पोहे खाते. जलेबी गरम आहे. बस सुटून राहिली, आजी उठत नाही.' 'सुटून राहिली' मुद्दाम ठेवलं. एकेकाळी हेच वाक्य मी लाल शाईने खोडलं असतं.

नात अक्षर अक्षर लावत वाचत होती, जलेबीपाशी हसली. तेवढ्यात मुलगी तिला न्यायला आली. तिने कागद उचलला, उभ्या उभ्या वाचला. मग इतक्या वर्षांनी मला मराठीत विचारलं, "चेष्टा करतेस?"

कोणती, हिंदीतली की मराठीतली, हे मला कळलं नाही. चेहऱ्यावरूनही नाही. विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून मी नुसतं "हो" म्हटलं.

तिने कागद टेबलावर पालथा ठेवला. "चलो बेटा, नानी थक गई हैं."

मी अजिबात थकले नव्हते.