मुतखडा जुळवणाऱ्या सिस्टर

हिरव्या कापडावर मुतखड्याचे तुकडे मांडून त्यांचा पुन्हा अखंड खडा जुळल्याशिवाय आमच्या सिस्टर कोणत्याही सर्जनला टाके घालू देत नसत. शेजारी एक्स-रेची फिल्म उजेडात लावलेली असे. चिमट्याने एकेक तुकडा सरकवत, फिल्मवरच्या सावलीशी ताडून पाहत त्या म्हणत, "थांबा सर, अजून पुरा नाय झाला." नेरूळच्या ज्या रुग्णालयात मी मूत्ररोगाच्या शस्त्रक्रिया करीत असे, तिथे ही शिस्त कोणत्याही पुस्तकातून आली नव्हती. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातून रोज चालत येणाऱ्या या बाईंनी ती लावली होती आणि आम्ही सर्वांनी ती कुरकुरत पाळली होती.

परवा त्यांच्या शोकसभेत एका तरुण सर्जनने सांगितले की, सिस्टर शस्त्रक्रियेच्या रोबोला घाबरत असत. वाद घालण्याचा मला आता शीण येतो. परंतु हे विधान खोटे आहे, आणि खोटे मुकाट ऐकून घेण्याइतका मी अजून थकलेलो नाही. यंत्र आले तेव्हा त्याच्या चारही बाहूंना निर्जंतुक प्लास्टिकच्या बाह्या चढवायला सर्वांत आधी त्या शिकल्या. "चार हात हायत बिचाऱ्याला, पन एकपन धुवायची सवय नाय," असे पुटपुटत सिस्टर लहान मुलाला अंगरखा घालावा तशा त्या बाह्या चढवीत. याला भीती म्हणत नाहीत.

यंत्राचा खरा मोह मला पडला होता. उभी हयात टेबलाशी वाकून माझी कंबर निकामी झाली होती. आता मी खोलीच्या कोपऱ्यात कन्सोलपुढे, म्हणजे यंत्र चालवण्याच्या मेजापुढे बसून, दुर्बिणीच्या चौकटीत डोळे खुपसून बोटे हलवीत असे; तसे टेबलाजवळ यंत्राचे हात हलत. पेशंटच्या पोटातील लहान छिद्रांतून आत गेलेली हत्यारे बदलत सिस्टर टेबलाशी उभ्या असत. पाय दुखत नाहीत का, असे मी एकदा माईकवरून विचारले. उत्तर आले, "तुमी बसा सर. दोघं बसलो तर पेशंटकडं कोन बघनार?"

त्याच सभेत दुसरी कथा सांगितली गेली ती एका हमालाची. साताऱ्याकडचा हा माणूस तुर्भ्याच्या बाजारात गोणी वाहत असे. त्याचे एक मूत्रपिंड पूर्वीच निकामी झाले होते. उरलेल्या एकात हरणाच्या शिंगासारखा फाटे फुटलेला, जंतूंनी भरलेला मुतखडा बसला होता. रोबोच्या साहाय्याने मी तो काढला. "पोटात हरवलेला तुकडा सरांनी कसा अचूक शोधला," याचे सभेत रसभरीत वर्णन झाले. मी मागच्या खुर्चीत बसून होतो. उठून खरे सांगणे मला जमले नाही. म्हणून घडले ते लिहितो.

खड्याचे तुकडे पिशवीत घालून मी बाहेर काढले आणि टाके घालतो असे जाहीर केले. सिस्टरांनी कापडावर जुळणी केली आणि म्हणाल्या, "सर, खालचा एक फाटा कमी हाय."

"चुरा होऊन सक्शनच्या नळीतून बाटलीत गेला असेल."

"बाटलीतलं पानी मी गॉजमधून गाळलंय. त्यात काय नाय."

"सिस्टर, मूत्रपिंड आतून रिकामे आहे. मला इथे दहापट मोठे दिसते आहे!"

"दहापट दिसतं, पन तेवढंच दिसतं ना सर! तुटलेली बाजू बघा, पांढरीफटक हाय. म्हंजे आताच तुटलाय. आत नाय, बाटलीत नाय, मग पोटातच पडलाय ना?"

मी माईकवरून सर्वांदेखत त्यांना नको ते बोललो. त्या हलल्या नाहीत. सुई-दोरा माझ्या यंत्राच्या हाती देईनात. तो तुकडा पोटात राहिला असता तर पू झाला असता, आणि एकाच मूत्रपिंडावर जगणाऱ्या माणसाला तो पेलला नसता. हे मला ठाऊक होते. तरीही मी केवळ त्यांचे तोंड बंद करण्यासाठी कॅमेरा वळवला. आतड्यामागच्या चरबीत, माझ्या चौकटीच्या बाहेर, तो पिवळसर तुकडा पडलेला होता. सिस्टरांनी तो कापडावर त्याच्या जागी ठेवला आणि म्हणाल्या, "हां, आता घाला टाके." आवाजात विजय नव्हता. मला तो असता तर बरे वाटले असते.

बाहेर हमालाची बायको उभी होती. आतली गडबड तिच्या कानावर गेली होती. "एक तुकडा गावत नव्हता म्हनं. कुनी शोधला वो? आमचं मालक वझं उचलतील न्हवं परत?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो. माझ्या मागून सिस्टर म्हणाल्या, "सरांनी शोधला. उचलतील, पन दोन-तीन महिने जाऊ देत." बाई माझ्या पायांवर वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.

नंतर लिफ्टमध्ये मी त्यांना कारण विचारले. "ती उद्यापासून नवऱ्याचं विचारायला तुमच्याकडं येनार, माझ्याकडं नाय," त्या म्हणाल्या. "तिला भरवसा तुमच्यावर पायजे."

म्हणजे सभेत सांगितलेली ती कथा कोणी रचलेली नाही; ती सिस्टरांनीच सांगितली, एका घाबरलेल्या बाईसाठी, एका दुपारपुरती. पुढे तिला सत्य म्हणून मान्यता मिळाली ती माझ्या मौनामुळे. हमाल बरा होऊन बाजारात परतला, तेव्हा सांगता आले असते. सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा रुग्णालयाने मला त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला उभे केले होते. सगळा कर्मचारीवर्ग समोर होता, त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोललो.