शिंदेची रजा

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. आज समोरच्या गॅलरीत, बँकेत नोकरी करणारा शेजारी प्रादेशिक सेनेच्या शिबिरासाठी बूट चमकवत होता, आणि माझा कचेरीतला सोबती शिंदे आठवला. तो आता नाही. नोकरी सांभाळून सैनिक होणाऱ्याला आपली खुर्ची कुणाच्या तरी भरवशावर सोडावी लागते. शिंदेने माझ्या भरवशावर सोडली. सीमेवर जाताना म्हणाला, "टेबल सांभाळ रे, बळकावू नकोस!"

तो तिकडे असताना साहेबांनी बढतीचा विषय काढला. मी म्हणालो, "शिंदे काय, अर्धा फौजेतच असतो." बढती मला मिळाली.

परतल्यावर तो हसत माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, पुढच्या शिबिराला रजा द्याल ना?"

"माफ कर" म्हणायला तोंड उघडलं, आणि विचारलं, "किती दिवस?"