पोपटांची जोडी

युद्धाच्या दिवसांत मी जामखेडहून नगरला मामांकडे शिकायला आले. समोरच्या घरातली थोरली मुलगी ओट्यावर दिवसभर दुसुतीच्या कापडावर फुलीचे टाके घालत बसे. कोपराखाली उशी आणि सुईत हातभरच दोरा. तिच्याकडून भरतकाम शिकताना मी एकेक फुली पुरी करत बसले की ती हसायची.

“अगं, अशानं मान मोडंल तुजी. जाताना सगळे तिरपे टाके घाल, येताना त्याच्या फुल्या कर.”

लग्नाच्या मुलींच्या आया तिच्याकडून गुपचूप पोपटांची जोडी भरून नेत आणि पाहुण्यांपुढे मुलीचे काम म्हणून मांडत. खाली मुलीचे नावही तीच भरून देई. तिचे स्वतःचे लग्न मात्र लांबले होते.

शेवटी कर्जतचे पाहुणे तिला पाहायला आले. तिनेही आपले पोपट पुढे ठेवले. मुलाची आत्या फणकारली, “हे तर आमच्या सुनेचे पोपट! नाव तेवढं बदललंय. दुसरीचं काम दाखवून फसवता व्हय?”

तिने खाली मान घालून पोपटांची घडी घातली. पाहुणे चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी मी चिडून विचारले, “तेही तुम्हीच भरलेत, हे सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर ती पोर आज कायमची माहेरी आली असती,” सुईत दोरा ओवत ती म्हणाली.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले. कितीतरी घरांच्या भिंतींवर ते पोपट मला भेटले. घरची माणसे कौतुकाने खालचे नाव दाखवत. मी ते वाचून मान डोलवत असे.