अंबिकेचा पिवळा खडू

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या अंबिकेने साठीला टेकल्यावर चित्रकला शिकायला घेतली. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या हातात मऊ रंगीत खडू आले. जरा दाबला की भुगा. पण बाई हट्टी.

परळच्या क्लासात सुमेधाबाई सांगायच्या, "माणसाची कातडी म्हणजे एक रंग नव्हे. आधी मातकट, त्यावर गुलाबी, सावलीत चिमूटभर निळा. आणि डोळ्यांना दिसेल तेच लावा, मनातलं नको."

घरी समोर बसायला माणूस एकच, नवरा दत्ताराम. दर रविवारी सकाळी तो खिडकीपाशी स्टुलावर बसे आणि सारखी पाठ खाजवी.

"हलू नका हो!"

"घामोळं आलंय गो."

दुसऱ्या रविवारी त्याच्या गालावर पिवळा खडू लावावा लागला. तिसऱ्या रविवारी जास्तच.

"परत हळद लावून बोहल्यावर चढवतेस की काय?" दत्ताराम हसला. अंबिकेला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांतलं पांढरंही पांढरं राहिलं नव्हतं.

शेजारच्या कमळाबाईने दारातूनच निकाल दिला, "कावीळ! माळ घाला." भायखळ्याहून कुणा जाणत्याकडून काड्यांची माळ आली, जेमतेम डोक्यात बसेल एवढी. ती वाढत वाढत खाली येते तशी कावीळ उतरते, असं सगळी चाळ मानायची. चार दिवसांत माळ छातीवर आली. जो तो येऊन बघून जाई आणि खूश होई.

"बघ, उतरली. आता दवाखान्याचं नाव काढू नको," दत्ताराम म्हणाला. जेवण मात्र अर्धं टाकून उठला.

चौथ्या रविवारी माळ पोटावर पोचली. अंबिका कागद घेऊन बसली. नुसता पिवळा पुरेना, त्यावर हिरवट घासला तेव्हा कुठे नवरा नवऱ्यासारखा दिसायला लागला. वरून गुलाबी चोळून पाहिला. चेहरा छान दिसला, पण तो दत्तारामचा नव्हता. तिने गुलाबी पुसून टाकला.

गजरा सुकला की दोरा सैल पडतो, तसंच त्या काड्यांचं असणार, सुकतात म्हणून माळ लांबते, हे आत्ता तिच्या डोक्यात आलं. तिने चारही रविवारचे कागद जमिनीवर ओळीने मांडले.

"अहो, इकडे या."

"माळ पोटावर आलीय, दिसत नाय तुला?"

"माळेचं राहू द्या. खडू तेच, खिडकी तीच, उजेडही तोच. चेहरा तेवढा बघा."

दत्तारामने तीन कागद निरखून पाहिले. चौथ्याकडे त्याला बघवेना. पाठ खाजवत हळूच म्हणाला, "उद्या जाऊया."

इस्पितळातली डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिने डोळे पाहिले, पोट चाचपलं.

"अंगाला खाज?"

"महिना झाला."

"भूक?"

"मेली."

"पोटात दुखतं?"

"अजिबात नाय!" दत्ताराम छाती काढून म्हणाला. अंबिकेलाही तेवढंच बरं वाटलं.

डॉक्टरणीचं पेन मात्र थांबलं. "जराही नाही?" तिने पुन्हा विचारलं. "दुखत असतं तर पित्ताचा खडा म्हटलं असतं," ती स्वतःशीच पुटपुटली. मग अंबिकेकडे वळून, आवाज अगदी मऊ करत म्हणाली, "मावशी, तुमच्यासोबत घरचं आणखी कुणी आलंय का?"