अडकलेली गोळी

माझ्या बायकोच्या छातीत टिकटिक वाजायची. मुंबईला ऑपरेशन करून हृदयातली खराब झडप काढली होती आणि तिथे धातूचा छोटा पिंजरा बसवला होता. त्यात एक गोळी वर-खाली उडायची. शेजारणींना वाटे, ही पदराखाली घड्याळ बाळगते. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळीपाशी रक्ताची गुठळी धरली तर आवाज बसेल, तसं झालं तर लगेच या.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपचा फिटर. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. साहजिकच घरातल्या व्हॉल्व्हचा इन्स्पेक्टर मीच, असं परस्पर ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी पोहे खाताना लक्षात आलं, टिकटिक नाही. जवळ सरकलो, तरी नाही. तिचं बोलणंही हल्ली खोल गेलं होतं. दोनदा विचारल्याशिवाय कळत नसे. मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"गोळी अडकलीय," मी म्हणालो.

"अहो, मी ठणठणीत आहे."

मी कसला ऐकतोय! सोमवारी रजा टाकून तिला लोकलने पुण्याच्या हॉस्पिटलात नेलं. गाडीभर तिचा हात सोडला नाही. ती लाजून खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टर म्हणाले, साध्या एक्स-रेच्या फोटोत पिंजरा दिसेल, पण गोळी चालते का ते कळणार नाही. चालू हृदयच पडद्यावर बघू. मला काचेमागून बघू दिलं. करड्या पडद्यावर तिच्या बरगड्या, मध्ये तो पिंजरा, आणि आत गोळी टुणटुण उडत होती. पार वर, पार खाली.

"कुठे अडकत नाही. पिंजऱ्याची बैठकही घट्ट आहे," डॉक्टर म्हणाले. मला इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले.

"आवाज बंद झालाय असं कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं.

"मीच. मला येत नाही ऐकू."

डॉक्टर माझ्या पाठीमागे गेले. मी पडद्यावरची गोळी बघत राहिलो. वळलो तेव्हा ते हसत होते आणि टेबलावर पडल्या पडल्या बायकोही हसत होती. त्यांनी मला तीन हाका मारल्या होत्या.

"चोर सोडून संन्याशाला सुळी," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. "सहा महिने सांगतेय, कान दाखवा. प्रेसच्या दणक्याने गेलेत ते."

तेही मला ऐकू आलं नसणार.

त्यानंतर रोज कामाला निघताना ती माझा तळवा आपल्या छातीवर दाबून धरायची आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारायची, "हाताला लागतंय का?" बोटांखाली गोळी बारीक बारीक ठोके द्यायची.

"लागतंय," मीही तितक्याच मोठ्याने सांगायचो.