रखमाचं दुसरं बाळंतपण

ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा उमटला होता आणि फाटकापाशी सासूनं बैलगाडी जुंपून ठेवली होती. मधे कॉटवर रखमा बसली होती, नववा महिना सरत आलेला. तिला काय हवंय हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका दवाखान्यात लेडी डॉक्टर होते. आमचे साहेब, म्हणजे मोठे डॉक्टर, हुशार माणूस. हाताला सफाई होती, पण बोलले की ते ब्रह्मवाक्य. रखमाचं पहिलं मूल सिझेरियननं, म्हणजे पोट आणि गर्भाशय चिरून काढलं होतं. ते ऑपरेशन मीच केलं होतं. साहेबांचा नियम सरळ होता. एकदा सिझेरियन झालं की पुढचं प्रत्येक मूल तसंच काढायचं, तेही कळा सुरू व्हायच्या आधी.

सासू जवळच्या कुंभारी गावची. तिचं म्हणणं, एकदा फाडलं तेवढं पुरे, आता गावातली सुईण करील. ती सुईण मला माहीत होती. मूल अडलं की ती पोटावर दोन्ही हातांनी रेटून दाबायची. खेड्यापाड्यात तशी रीतच होती. पण शिवलेल्या गर्भाशयावर असा जोर पडला तर शिवण उसवते, आत रक्तस्राव होतो आणि बाई हातची जाते. साहेब हटले नाहीत तर सासू गाडी हाकणार, हे मला दिसत होतं.

मी साहेबांकडे गेले. पहिल्या वेळी मूल आडवं होतं म्हणून चिरावं लागलं, तिचा हाडांचा मार्ग चांगला रुंद आहे, या वेळी डोकं खाली आहे, हे सांगितलं. शिवाय मी चीर दिली होती ती गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात. कळांचा जोर असतो वरच्या जाड भागात, त्यामुळे खालची शिवण टिकायची आशा जास्त. थिएटर तयार ठेवू आणि वाट बघू, असं मी म्हटलं.

"आणि उसवली तर?"

"तर लगेच पोट उघडीन. म्हणूनच ती इथं हवी, कुंभारीला नको."

"नवऱ्यानं संमती दिलीय," साहेब म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला.

मला संताप आला. गिरणीत राबणारा तो भला माणूस, साहेबांनी बोट दाखवलं तिथं अंगठा टेकवून मोकळा झाला होता. मी तडक वॉर्डात गेले आणि रखमाला सगळं सांगितलं. ऑपरेशनचा धोका सांगितला, कळांचाही सांगितला, काही झाकून ठेवलं नाही. सासू मधे बोलायला लागली तेव्हा रखमानं तिला थांबवलं.

"आत्याबाई, पोट माझं हाय. ते दाबायचं न्हाय, आन उगं कापायचं बी न्हाय. मी हितंच बाळंत होणार. अडलंच तर ह्या बाई कापतील की."

नवरा दाराशीच होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ती म्हणती तसं करा. मी नवा कागद लिहिला आणि त्यावर रखमाचा अंगठा घेतला. आमच्याकडे असा कागद तोवर कुणी पाहिला नव्हता. साहेबांनी तो टेबलावरून परत सरकवला. जबाबदारी तुमची आणि नोकरीही तुमचीच, म्हणाले. मी बरं म्हटलं आणि कागद उचलला.

कळा सुरू झाल्या तशी मी तिच्या उशाशी बसले ती उठले नाही. हातात तिची नाडी होती. नाडी जोरात पळायला लागली किंवा दोन कळांच्या मधेही पोट दुखत राहिलं, तर शिवण धोक्यात आहे असं समजायचं. सासूचा हात सवयीनं पोटाकडे जायचा आणि रखमा तो झिडकारायची. डोकं खाली आल्यावर मी तिला फार जोर करू दिला नाही, डोक्याला बाळंतपणाचा चिमटा लावून मूल बाहेर घेतलं. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. मलाही रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

सकाळी साहेब राउंडला आले. सासू नातीला मांडीवर घेऊन बसली होती. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे कुणाच्या परवानगीनं झालं? मी तोंड उघडायच्या आत कॉटवरून उत्तर आलं.

"माझ्या."

माझी नोकरी राहिली, साहेबांचा नियमही त्यांच्या पेशंटपुरता राहिला. पुढं माझ्याकडे आधी सिझेरियन झालेल्या काही बायका कळा देऊन बाळंत झाल्या, काहींना मी पुन्हा चिरलं. पण प्रत्येकीला आधी विचारलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर विचारून उपयोग नसतो.