पाठीपासून बोटभर लांब

त्याचा हात माझ्या पाठीवर नव्हता. पाठीजवळ होता. बोटभर लांब, हवेत.

घाटकोपरचं आमचं कॉलेज, दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, शनिवारची दुपार. बॉलरूम डान्सचा क्लब. पोस्टरवर लिहिलेलं, नाच येत असो-नसो, सगळ्यांनी या. मला काहीच येत नव्हतं. म्हणून तर गेले.

या नाचात मुलाचा उजवा हात मुलीच्या पाठीवर असतो, खांद्याच्या हाडाखाली. तोच हात सांगतो, आता वळ, आता थांब. गाणं संपलं की मुलं एकेक जागा पुढे सरकतात, मुली तिथेच. आमच्यात मुलं सहा, म्हणजे सहाही मुलांबरोबर नाच होतो. पहिले दोन शनिवार सहाही हात नीट टेकले. मी भराभर शिकले. क्लबची सेक्रेटरी म्हणाली, "झकास गं, तुला क्लबच्या शोमध्ये घेऊ." ती शेवटच्या वर्षाची, गाडीने यायची.

तिसऱ्या शनिवारी तिने सगळ्यांना गोल बसवलं. ओळख करून द्यायची, घरी कोण काय करतं ते सांगायचं. कुणाचे पप्पा डॉक्टर, कुणाचा कारखाना. मी सांगितलं, ताठ मानेने, "मी मानखुर्दची. आई रस्ते झाडते, कचऱ्याच्या गाडीवरही जाते. घरातली कॉलेजात आलेली मी पहिली."

"वा, ग्रेट," सेक्रेटरी म्हणाली. आणि पुढच्या मुलीकडे वळली.

मग गाणं लागलं, आणि सहाही हात हवेत गेले. त्यांनी आपसात ठरवलं नव्हतं. त्याचीच मला आजही भीती वाटते. ठरवायला लागलंच नाही.

हात नाही, तर वळायचं कधी ते कळेना. मी चुकायला लागले. पाय तुडवले. "हिला तालच नाही यार," एकजण हसत म्हणाला. सेक्रेटरीने शोमधून माझं नाव काढलं आणि पडद्यामागे मुलींच्या ड्रेसना पिना लावायचं काम दिलं.

आणि मी काय केलं? कुर्ता दोनदा धुतला. आईला म्हटलं, पाठीला पावडर लाव.

"एवढी कशाला गं?"

"घाम येतो."

तिने लावली. तिचा खडबडीत तळवा नेमका त्या जागेवरून फिरला आणि मी अंग चोरलं. मी. माझ्या आईच्या हातापासून. तिने हात काढून घेतला, डब्याला झाकण लावलं. त्या सहा जणांचं एक वेळ विसरेन. हे मला सोडत नाही.

पुढच्या शनिवारी पहिलाच मुलगा समोर आला. मी पाय उचलला नाही.

"हात ठेव."

"ठेवलाय की."

"नाही ठेवलेला. पाठ माझी आहे, मला कळतं."

गाणं चालू, जोड्या थांबलेल्या.

"अगं, माझ्या हाताला घाम येतो."

"पहिले दोन शनिवार नव्हता येत?"

कुणीतरी फिसकन हसलं.

सेक्रेटरी आली. आवाज गोड. "इथे असलं काही नसतं ना. तू उगाच तिकडे नेतेस. त्रास होत असेल तर नको येऊस, जबरदस्ती थोडीच आहे."

"मी येणार," मी म्हटलं. "क्लबमधून काढायचं तर कारण लिहून दे. खाली सही कर."

तिने लिहिलं नाही. लिहिणार काय?

शोमध्ये मी नव्हते. पिना लावायलाही गेले नाही. पण वर्षभर दर शनिवारी मी रांगेत उभी राहिले. सहा मुलं, सहा वेळा, सगळ्यांदेखत एकच: हात ठेव, नाहीतर का ठेवत नाहीस ते तोंडाने बोल. दोघांनी ठेवला, नजर चुकवून. एकाने क्लब सोडला. उरलेल्यांसमोर मी गाणं संपेपर्यंत नुसती उभी राहायचे. हलायचे नाही.

आता पदवी आहे, अंधेरीत नोकरी आहे. ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणी मागे उभं राहिलं की पाठ अजून थंड पडते. पडू दे. मी अंग चोरणार नाही.